पंधरावा फाटा

लाखनी
४ फेब्रुवारी २०२५

बाबा, इथूनच पाया पडते.

काल फोन केला तर तुम्ही नुसतं "हो हो, जेवलो" म्हणत राहिले. मी विचारत होती, गाडीच्या बाहेरच्या दिव्यांची तार तुम्ही कोणत्या बाजूनं नेली. चाळीस वर्षं मागाच्या खटखटीत बसून तुमचे कान गेले, आता फोनवर ओरडून शेजाऱ्यांनाच ऐकू जाते. म्हणून हा कागद. आमच्या शेजारचा कमलेश रोज मोटारसायकलनं वरठीच्या कारखान्यात जाते. त्याच्या पाळीत मोहाडीचा एक जण आहे, तो तुम्हाले आणून देईल. उत्तर त्याच्याच जवळ देजा.

शाळेची बस होती तोवर ही गाडी धड चालत होती. आपण तिचं घर केलं आणि ती रुसून बसली. आत सगळं ठीक आहे. ओटा झाला, पलंग झाले, नळाले पाणी येते, पंखा फिरते. बिघाड बाहेर आहे. संध्याकाळचं बटण दाबलं की मागचे लाल दिवे, बाजूचे पिवळे, टपावरचे, नंबरपाटीवरचा, सगळे एकदा लागतात आणि लगेच जातात. फ्यूज उडते. नवी टाकली, तीही उडाली. तुमच्या जावयानं, अंकुरनं, सकाळपासून सात फ्यूज जाळल्या आणि मग जेवलाच नाही.

१४ तारखेले भंडाऱ्याले आरटीओत गाडीचं पासिंग आहे. बाहेरचा एक दिवा बंद दिसला तर गाडी परत, आणि पुढची तारीख एप्रिल संपता संपता. मग उन्हात आईले घेऊन पुरीले जाणं झालंच म्हणा. आईले समुद्र दाखव, लवकर दाखव, असं तुम्हीच दिवाळीपासून मागं लागले. समुद्र काही पळून नाही चालला, इतकी कायची घाई आहे तुम्हाले?

आईचंही मले समजत नाही. संक्रांतीले इथं आली, दिवसभर हौसेनं गाडीत बसली, आणि दिवेलागणीले जेवायले घरात चल म्हटलं तर उतरेच ना. म्हणे, ताट इथंच आण. सासूबाई दारात उभ्या, पोळ्या थंड होऊन राहिल्या, आणि ही पलंगावर बसून. मले असा राग आला. मी ताट आदळलंच तिच्यापुढं.

उद्या भोजराजभाऊले गाडी दाखवतो. हायवेवर त्यांचं दुकान आहे, तीस वर्षांपासून ट्रकच्या लाइटी दुरुस्त करतात. उजव्या बाजूची फळी उघडावी लागेल. आत तुमच्या हातच्या तारा आहेत, म्हणून आधी विचारते.

स्वाती


मोहाडी
५ फेब्रुवारी

स्वाती,

सुखी राहा, आणि आईवर ताट आदळत जाऊ नको.

अक्षर मोठं काढलं ते बरं केलं. माहं वाकडं आहे, हात थरथरते, सांभाळून घे. शेजारची देवकाबाई म्हणे मी लिहून देते, मी म्हटलं माह्या पोरीले मीच लिहीन.

फळी उघडा. पण कातरी लावू देऊ नको. अंकुरनं भंगारातून एकाच काळ्या तारेचं मोठं भेंडोळं आणलं होतं. तोच मले म्हणे, बाबा, सगळ्या तारा काळ्या, कोणती कुठं गेली समजन कसं? मी म्हटलं, ताणा एका रंगाचाच राहते बापू, विणणाऱ्याले आपला धागा माहीत असते. तू मले कोणता दिवा कुठं पाहिजे ते सांग, तारेचं मी पाहतो. माग सोडल्यावर माह्या हातून झालेलं ते एकच काम आहे. दिवाळीत पडलो, खुबा मोडला, आता काही होत नाही. म्हणून सांगतो, कातरी नको.

हा कागद भोजराजले दे. फ्यूजपासून मुख्य तार निघते, ड्रायव्हरच्या मागच्या खांबापाशी येते आणि उजव्या भिंतीनं मागं जाते. तिले चौदा फाटे आहेत. खांबापासून मोजा. पहिला एक हात दोन बोटांवर, तो बाजूच्या पिवळ्या दिव्याचा. दुसरा दोन हात चार बोटांवर, तो वर टपाले गेला. तिसरा त्याच्या पुढं एक वीत. बाकीचे अकरा मागच्या पानावर लिहिले आहेत. जिथं सांगितलं तिथंच धागा सोडा, जोड सापडन. पाहून झालं की परत बांधा. येत नसन तर तसंच ठेवा, पण कापू नका.

घाईचं म्हणशील तर मी म्हातारा आहे, म्हाताऱ्याले घाई असतेच. आईले गाडीत बसायले आवडते, बसू दे.

तुहा बाप


लाखनी
७ फेब्रुवारी

बाबा,

काय लिहू, कुठून लिहू, मले सुचून नाही राहिलं.

भोजराजभाऊ आले ते कुरकुरतच आले. पहिलीच तार पाहिली आणि म्हणाले, सगळ्या काळ्या? कोणत्या येड्यानं केलं हे? मी म्हटलं, माझ्या बापानं. ते स्क्रू काढत राहिले. मग अंकुरनं आणि त्यांनी मिळून ती लांब फळी खाली उतरवली.

बाबा, आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो. ड्रायव्हरच्या सीटपासून मागच्या काचेपर्यंत तारा नुसत्या शेजारी शेजारी झोपलेल्या, एकीवर एक चढलेली नाही. दर चार बोटांवर तसरचा रेशमी धागा, आणि प्रत्येक गाठ सारखी. चाक येते तिथं सगळ्या तारा एकदम वळतात आणि पुढं पुन्हा सरळ होतात. फळीच्या मागं, जिथं कोणी कधी पाहणार नव्हतं, तिथं तुम्ही हे करून ठेवलं. मी तुम्हाले जन्मभर विणताना पाहिलं. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि तुमच्या मागावरूनच उडी मारून चुलीपाशी जायची. थांबून कधी पाहिलं नाही. काल पहिल्यांदा थांबली.

भोजराजभाऊ खाली उतरले, चपला काढून ठेवल्या आणि मग परत आत चढले. मी म्हटलं काहून? म्हणे, असू द्या ताई, पाय मळके आहेत. तेव्हापासून ते गाडीत अनवाणीच चढतात.

मग तुमचा कागद घेऊन मोजायले लागले. एक हात दोन बोटं, धागा सोडला, जोड नाही. ते म्हणे, तुमच्या बाबांचा अंदाज चुकला. मी म्हटलं, हात तुमचा आहे, त्यांचा कुठं आहे? माझं कोपर खांबाले टेकवलं आणि हात लांब केला. आई म्हणतेच की माझे हात तुमच्यावर गेले. दोन बोटं पुढं ठेवली, धागा सोडला, आणि बोटाखाली जोड. बाबा, चौदाच्या चौदा तसे सापडले. शेवटचे चार तर मी डोळे मिटून दाखवले. भोजराजभाऊंनी तुमचा कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आहे, मागितला तरी देत नाहीत.

पण दिवे लागले नाहीत.

सगळे बल्ब काढले, चौदाही फाटे सोडून ठेवले, नुसती मुख्य तार राहिली. तरी फ्यूज उडते. ते म्हणतात, करंट कुठंतरी लोखंडाले लागून राहिला. एक तर मुख्य तारच आत कुठं सोलली आहे, नाही तर अजून एखादा फाटा आहे. मुख्य तार सोलली असेल तर सगळं फाडून नवीन टाकावी लागेल. मी म्हटलं, थांबा. बाबा, चौदाच ना?

स्वाती


मोहाडी
८ फेब्रुवारी

स्वाती,

चौदाच. तीन हजार धाग्यांच्या ताण्यात माही चूक झाली नाही, चौदात होईन? भोजराजले म्हणा बॅटरी पाहा, बटण पाहा. फ्यूजच खराब येऊन राहिल्या असतीन.

आई विचारते गाडी समुद्राच्या किती जवळ जाते. मी म्हटलं, चाकं भिजेपर्यंत. ती दिवसातून तीनदा विचारते.

बाबा


लाखनी
१० फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही इतकं लहान पत्र कधी लिहिलं नाही. वाचून मले भीती वाटली. तब्येत बरी आहे ना? खुबा दुखते का?

बॅटरी पाहिली. बटण बदललं. फ्यूज तीन दुकानांतून आणल्या. तुमच्या शब्दावर भोजराजभाऊंनी कालचा अख्खा दिवस घातला, आपली दुसरी कामं सोडून. त्यांच्या दुकानाबाहेर ट्रकवाले हॉर्न मारून निघून गेले. काल सांजेले ते मले म्हणाले, ताई, राग मानू नका, ज्या माणसानं एका बोटाचीही चूक केली नाही तो फाटा विसरला असं मी म्हणणार नाही. पण त्यानं एक फाटा सांगितला नाही, असं मले वाटते. मी त्यांच्याशी भांडली. म्हटलं, माझा बाप खोटं बोलत नाही. मग रात्रभर तेच डोक्यात.

आता माझं ऐका. पासिंगले चार दिवस उरले. नवीन तार टाकायले दीड दिवस तरी पाहिजे. बुधवारी १२ तारखेले सकाळी नऊ वाजता भोजराजभाऊ कातरी लावतील. मी हो म्हटलं आहे. त्यांचा हात उचलत नाही, म्हणतात पहिला धागा तुम्हीच कापा. कापीन मी. तुम्हाले न सांगता नाही कापायचं, म्हणून लिहिते. तुमच्या हातचं शेवटचं काम तुमची पोरगीच कापणार आहे. पण आई रोज तीनदा विचारते म्हणता, तर मी दुसरं काय करू ते तुम्हीच सांगा.

मले माफ करा.

स्वाती


मोहाडी
११ फेब्रुवारी, सकाळ

स्वाती,

कातरी थांबव. कमलेशच्या दोस्ताले थांबवून ठेवलं आहे दारात, त्याची पाळी चुकन पण चिठ्ठी चुकणार नाही.

माह्या कामासाठी थांबव म्हणत नाही. मागावरून कापड कापल्याशिवाय उतरत नाही, मी हजारो कापले. कापायचं भेव मले नाही. पण तू सगळं फाडलं तरी बिघाड तिथं नाही.

भोजराज खरं बोलला. पंधरावा फाटा आहे. तुहा बाप खोटं बोलला, लिहून ठेव, पहिल्यांदा बोलला.

आईचे डोळे जाऊन राहिले आहेत. दोन वर्षं झाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आतला पडदा वाळून राहिला, औषध नाही. आधी अंधारातलं जाते, मग कडेचं जाते, मग मधलं. कधी, ते त्यालेही सांगता येत नाही. आता दिवेलागणी झाली की तिले उंबरठा समजत नाही. तसरचा धागा ती मांडीवर बोटांनी काढते, त्याले डोळे लागत नाहीत, म्हणून कोणाले पत्ता लागला नाही. तिनं मले शपथ घातली. म्हणे, पोरीले सांगाल तर ती मले एका जागी बसवून ठेवन, आणि मग समुद्रही नाही आणि काही नाही. म्हणून मी घाई करत होतो. संक्रांतीले ती रुसली नव्हती पोरी. तिले पायरी दिसत नव्हती. पडली असती तर तुमाले समजलं असतं, म्हणून उतरली नाही.

त्या गाडीत ती तीन राज्यं फिरन आणि रोज सांजेले तिले त्या पायरीवरून उतरावं लागन, हे माह्या मनात आलं. तुमी दोघं जेवायले गेले होते. अंकुरच्या डब्यात एक बारीक बल्ब होता. खांबाच्या अलीकडं, फ्यूजच्या पेटीपासून एक वीत सोडून मी फाटा काढला, जमिनीतल्या भोकातून खाली घातला, आणि गाडीच्या पोटाखालून डाव्या बाजूले दारापाशी नेला. पायरीच्या खालच्या अंगाले बल्ब लावला. बाहेरचे दिवे लागले की तो लागन, वेगळं बटण नाही. पायरी उघडली तरच दिसते. कोणाले दाखवायचा नव्हता. तुमी विचारलं असतं काहून लावला, तर काय सांगितलं असतं?

आता माही अक्कल ऐक. टेप संपली होती. बाकी सगळ्या जोडांवर टेप आहे, वर धागा आहे. याच एकाले टेप नाही. मी तसरचा धागा गुंडाळला आणि वरून तांदळाची खळ लावली, ताण्याले लावतो तशी. वाळली की कडक होते, मले वाटलं मजबूत झालं. मग दिवाळीपासून गाडी तुमच्या धानाच्या पोत्यांजवळ उभी. उंदराले तांदळाचा वास आला असन. मीच त्याच्यापुढं ताट वाढून ठेवलं. तू लिहिलं की चौदाही बरोबर आहेत, तेव्हाच मले समजलं होतं की हाच असन. तरी मी चौदाच लिहिलं. एका बाजूले तिची शपथ, एका बाजूले तिचा समुद्र. तीन दिवस मी जेवलो नाही, देवकाबाईले विचार.

शपथ मोडली. तिले मी सांगणार नाही की मोडली. तू काय करायचं ते कर.

बाबा


लाखनी
१४ फेब्रुवारी

बाबा,

गाडी पास झाली. हे आधी लिहिते म्हणजे तुम्ही जेवाल.

तुमची चिठ्ठी बाराले सकाळी आठले पोचली. मी वाचली आणि पायरीवर बसून रडली. संक्रांतीचं ते ताट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. भोजराजभाऊ कातरी घेऊन आले, माझा चेहरा पाहिला आणि कातरी खिशात टाकली. मी फक्त फाट्याची जागा सांगितली, आईचं कोणाले नाही सांगितलं. ते गाडीखाली पाठीवर सरकत गेले आणि दोन मिनिटांनी आतून आवाज आला, सापडला. उंदरांनी धागा असा साफ खाल्ला होता की वीतभर तांबं उघडं पडलं होतं, आणि पायरीचं लोखंड त्याले टेकलं होतं. त्यांनी नवी तार टाकली, रबराच्या नळीतून नेली, टेप मारली. मग मले म्हणाले, वरून तुमच्या बाबांसारखा धागा तुम्ही बांधा, मले ती गाठ येत नाही. मी बांधली. पहिल्या दोन सोडाव्या लागल्या, तिसरी जमली.

संध्याकाळी अंकुरनं बटण दाबलं. बाबा, तुम्ही पाहायले पाहिजे होतं. टपावर पाच, बाजूले पिवळे, मागं लाल, आणि खाली पायरीपाशी तो एवढासा. कोणी हललं नाही. आम्ही फ्यूज उडायची वाट पाहत होतो. ती उडाली नाही. सासूबाई बाहेर आल्या, शेजारचे आले, हायवेवरचा एक ट्रकवाला गाडी थांबवून उतरला. एका घराले इतके दिवे बाहेरून लागलेले कोणी पाहिले नव्हते. सगळे टपाकडं पाहत होते. मी एकटीच पायरीकडं पाहत होती. दिवाळीच्या आधी एका दुपारी, आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात, माझ्या म्हाताऱ्या बापानं गाडीच्या पोटाखाली झोपून हे केलं आणि कोणाले कळू दिलं नाही, हे मले अजून खरं वाटत नाही.

भंडाऱ्याले साहेबांनी सगळे दिवे पाहिले, पायरीपाशी वाकले आणि विचारलं, हा कायले? मी म्हटलं, आमच्या घरी लागते साहेब. ते अजून एकदा वाकून पाहून आले आणि सही केली.

आईले मी काही बोलणार नाही. पंचवीस तारखेले तिले घ्यायले येतो. तुम्ही येत नाही म्हणता, पण खुबा टेकवायले पलंग आहे गाडीत, एकदा विचार करा.

स्वाती


पुरी
१ मार्च

बाबा,

शेवटी नाहीच आले तुम्ही. देवकाबाईच्या हातच्या भाजीले नावं ठेवू नका, आम्ही येईपर्यंत तीच आहे.

काल दुपारी पोचलो. वाटेत दिवस बुडायच्या आत मुक्काम करत आलो, आई अंधारात खाली उतरलीच नाही. चाकं भिजेपर्यंत नाही जाता आलं, वाळू मऊ आहे. वाळू सुरू होते तिथं गाडी लावली. आई दारात उभी राहिली, दोन्ही हातांनी दांडा धरून. मग विचारलं, हा आवाज कुठून येऊन राहिला? मी म्हटलं, त्याचाच आहे. ती म्हणे, थांबत नाही का? मी म्हटलं, नाही. ती म्हणे, रात्रीही नाही?

तिले पाण्यापर्यंत नेलं. लाट आली, पायावरून गेली, आणि पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, तर तिनं माझा दंड घट्ट धरला. मग सोडला. पदर खोचला आणि घोट्यापर्यंत आत गेली. तशीच उभी राहिली, उन्हं उतरेपर्यंत. मी दोनदा म्हटलं, थकशील, बस. ती ऐकेना. लाट आली की मान थोडी हलवायची, जणू कोणी काही सांगत आहे आणि ही हो म्हणते. मी बाबा, समुद्राकडं पाहायचं सोडून तिच्याकडंच पाहत राहिली. सत्तर वर्षांची बाई इतकी लहान दिसताना मी कधी पाहिली नव्हती. अंकुर फोटो काढायले आला आणि न काढताच परत गेला.

मग अंधारून आलं. गाडीकडं वळलो. अंकुरनं पुढं जाऊन दिवे लावले होते. मी आईचा हात धरायले गेली, तिनं सोडवून घेतला. वाळूतून साठ-सत्तर पावलं असतील. ती एकटी चालली, माझ्यापुढं, सरळ. कुठं अडली नाही, कुठं चाचपडली नाही. दारापाशी पोचली, पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबली. खाली वाकून त्या बल्बले बोट लावलं, चटका बसला असेल, लगेच काढलं.

मले म्हणाली, तुह्या बापानं शपथ मोडली ना?

मी तिच्या पायाची वाळू झाडायले वाकली.

मग म्हणाली, त्यायले लिहून दे. म्हणा, समुद्र मधला दिसला, कडेचा नाही दिसला. पायरी सगळी दिसली.

स्वाती